मामा म्हणजे बाप

आपल्या शाळेत रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून घंटा देणारे मामा, ऑफिसच्या दारात बसणारे मामा, फाटकाबाहेर चिंचा-बोरं विकणारेही मामाच. सख्ख्या मामांपेक्षा हे मामा जास्त वेळा भेटायचे. घंटेचे मामा जत तालुक्यातले, घरी कानडी बोलणारे. मधल्या सुट्टीत पायरीवर भडंगाची पुडी सोडून ते आम्हाला कानडी नाती शिकवायचे. कानडीत ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही. “मामाची पोरगी केली की मामाच सासरा. मग दोन शब्द कशाला?” हा त्यांचा हिशोब व्याकरणाच्या तासापेक्षा मला जास्त पटला होता.

पुढे एमबीबीएससाठी जॉर्जियात, तिबिलिसीला गेले. मुलांच्या वॉर्डात सुई दिसताच एका चिमुरडीनं “मामा! मामा!” म्हणून भोकाड पसरलं, आणि जिन्यावरून धावत आले ते तिचे वडील. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप! चर्चमधल्या पाद्र्यालाही ‘मामाओ’ अशी हाक. आई ती ‘देदा’. शहराच्या टेकडीवर ‘कार्तलिस देदा’चा, म्हणजे जॉर्जियाच्या आईचा, २० मीटर उंच पुतळा आहे, १९५८ सालचा. एका हातात पाहुण्यासाठी वाइनचा वाडगा, दुसऱ्यात शत्रूसाठी तलवार. आमच्याकडची पोरं त्या बाईला बिनदिक्कत ‘दादा’ म्हणायची.

जॉर्जियनचं संस्कृतशी काही नातं नाही, शेजारच्या रशियन-तुर्कीशीही नाही. मग मामा तिथं पोचला कसा? रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञानं याचं कारण बाळाच्या तोंडात शोधलं. दूध पिताना ओठ मिटलेले, आवाज निघणार तो नाकातून, म्हणजे ‘म’. बाळ कुणाचं नाव घेत नसतंच. अर्थ चिकटवतात ती भोवतालची मोठी माणसं. स्वाहिली आणि चिनी बोलणाऱ्यांनी तो आईला दिला. जॉर्जियनांनी बापाला दिला, आणि पार मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जंतजत्जारा भाषेतही मामा बापच. आपण दिला आईच्या भावाला. वर ‘मामा बनवणे’ही काढून ठेवलं, त्यात बाळाचा काही दोष नाही!

‘देदा एना’ म्हणजे मातृभाषा. याकोब गोगेबाश्विली यांच्या मुळाक्षरांच्या पुस्तकाचं नावही तेच; ते १८७६ साली निघालं आणि आजही घरोघर माहीत आहे. घरमालकिणीच्या नातवाशेजारी बसून मीही त्यातली ती गोल गोल अक्षरं गिरवली. पहिलंच वाक्य, ‘आइ इआ’: हे बघ, व्हायोलेटचं फूल. ‘आइ’ म्हणजे ‘हे बघ’. त्यामुळे रेंज गेली आणि मी फोनवर “आई! आई!” ओरडायला लागले, की घरमालकीण हातातलं काम टाकून यायची, मी काय दाखवतेय ते बघायला.