आमची वाटचाल : पाच तारखेच्या हप्त्यापासून

ऑफिसमधली पोरं दोन महिने मागं लागलीत, मॅडम, पतसंस्थांच्या कर्जाच्या वह्या वाचून रिसर्च करणाऱ्या आपल्या संस्थेची वाटचाल लिहा, सगळे लिहितात. सगळ्यांच्या वाटचालीत पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो आणि समई असते, आमच्याकडं समई नव्हती, शाहूपुरीत तळमजल्यावरचा एक गाळा होता, दोन सेकंडहँड कॉम्प्युटर, मी आणि माझा मावसभाऊ.

रिसर्च हा शब्द तेव्हा आमच्या तोंडात पण नव्हता. पतसंस्थांची जुनी खतावणी कॉम्प्युटरवर चढवून द्यायची, एवढंच काम. कोल्हापुरात गल्लीला एक तालीम, एक तरुण मंडळ आणि एक पतसंस्था असतेच, त्यामुळं काम मिळायला त्रास झाला नाही, पैसे मिळायला झाला. "वार्षिक सभा झाली की बघू" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की सप्टेंबर महिना आला की मला अजून पण बरं वाटतं.

तर खतावणी चढवता चढवता करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत (नाव नको) एक गोष्ट डोळ्यावर यायला लागली. म्हशीसाठी कर्ज घेतलेल्या बायकांची खाती, हप्ता पाच तारखेचा, आणि दर महिन्याला दहा-वीस रुपये दंडव्याज, एकीचं नाही, जवळपास सगळ्यांचं. थकबाकीदार म्हणावं तर कुणीच नाही, हप्ता येतोय, बुडवत कोण नाही, पण येतोय आठ नाहीतर नऊला. सचिवांना विचारलं तर म्हणाले, शिस्त नाही ओ लोकांना. मला काय ते पटलं नाही, कारण सगळ्यांची बेशिस्त एकाच तारखेला कशी येईल? एका रविवारी गाडीवरनं गेले आणि चार घरी चहा पिऊन आले. तिसऱ्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, दुधाचं बिलच सात-आठला हातात पडतंय, पाचला काय शेणी भरू व्हय?"

झालं, एवढंच होतं. गोकुळ म्हणजे आमच्या जिल्ह्याचा दूध संघ, त्याचं बिल दहा दिवसांचं, ते संघाकडनं गावातल्या दूध संस्थेत येणार, तिथनं उत्पादकाला, आणि पतसंस्थेनं हप्त्याची तारीख ठरवली होती ती नोकरदाराचा पगार डोक्यात ठेवून. ज्या गावात पगारदार माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी आहेत तिथं.

चेअरमनना सांगितलं, ते म्हणाले मॅडम तुम्ही सॉफ्टवेअरचं बघा. वर्षभर मागं लागल्यावर एका शाखेपुरती तारीख दहा केली. दंडव्याजाचा कॉलम जवळजवळ रिकामा. मी खूश. आणि पुढच्या वार्षिक सभेत एक सभासद उभे राहून विचारतात, "अहवालात दंडव्याजाचं उत्पन्न कमी दिसतंय, याला जबाबदार कोण?" मी मागच्या रांगेत बसले होते, हातात चिवड्याचं पाकीट, जबाबदार मीच.

नोटबंदीच्या वेळची एक आठवण आहे ती पटकन सांगते. १४ नोव्हेंबर २०१६ पासनं जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली, पतसंस्थांचा पैसा जिल्हा बँकेत, रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट लोकांच्या दारात, सगळं जाम. त्या दिवसांत कोणत्या संस्थेचे सभासद टिकले आणि कोणत्या संस्थेच्या दारात रांग लागली हे आम्ही आमच्या हौसेनं लिहून ठेवलं, कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी पैसे पण दिले नाहीत. तिथनं खरं म्हणजे आम्ही बिघडलो.

मग २०१९. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट झालं की पंचगंगा धोका पातळीवर, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं, व्हीनस कॉर्नरला बोटी फिरत होत्या आणि आमचा गाळा तळमजल्यावर. कॉम्प्युटर गेले. पण जास्त जीव तुटला तो लोकांनी विश्वासानं दिलेल्या रजिस्टरांसाठी. पाणी ओसरल्यावर आत्याच्या गच्चीवर दोऱ्या बांधून आम्ही ती पानं पानं सुकवली, चिमटे कमी पडले, शेजाऱ्यांनी दिले. शाई पसरलेली, पण तारखा वाचता येत होत्या. ती सुकलेली रजिस्टरं आणि शिरोळकडच्या दोन संस्थांची पुरानंतरची खाती शेजारी ठेवून वाचली तेव्हा दिसलं की पुरात म्हैस गेलेली माणसं काही महिन्यांत पुन्हा हप्ता भरायला लागलेली, भाड्याच्या गाळ्यात धंदा करणारी मात्र अडकलेली, कारण त्यांच्या नुकसानीचा पंचनामा नीट झालाच नव्हता, कागद मालकाच्या नावावर. पतसंस्थेचा माणूस घर ओळखतो म्हणून त्यानं थांबून घेतलं. कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा वसुलीवाला, नाव नको, छावणीतच आला होता म्हणे, वही घेऊन.

हे सगळ्या संस्थांना सांगायला पाहिजे असं वाटलं आणि तिथंच धंद्याची गोची झाली. एका संस्थेचे पैसे घेऊन केलेलं काम दुसरीला फुकट द्यायचं कसं? सीए म्हणाले सेक्शन आठची कंपनी काढा. म्हणजे कंपनी कायदा २०१३ मधली, नफा झाला तरी भागधारकांना वाटायचा नाही, कामातच घालायचा. आबांना समजावून सांगितलं तर त्यांनी चष्मा काढला, "नफा नको तर मग कंपनी कशाला काढतीस, भजनी मंडळ काढ की." आता दोन दुकानं आहेत, जुनी सॉफ्टवेअरची फर्म कमावते आणि ही खाते. १२अ, ८०जी (दोन्ही करसवलतीचे), सीएसआरचा म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा फॉर्म, या कागदांनी माझे केस किती पिकवले ते वेगळं लिहीन.

आपण करतोय तसलं काम जगात आधीच झालंय हे फार उशिरा कळलं. अमेरिकेत १९३०च्या दशकात सरकारी संस्थेनंच शहरांच्या नकाशांवर काही वस्त्या लाल रंगानं दाखवल्या होत्या, तिथं कर्ज धोक्याचं. आपल्याकडं नकाशा नाही, पण "त्या गल्लीतला जामीनदार नको" हे प्रत्येक कर्ज कमिटीत तोंडी चालतंच, मी कानानं ऐकलंय. मग १९७३ साली शिकागोत काही लोकांनी साऊथ शोअर भागातली बँक विकत घेऊन त्याच वस्तीत कर्ज द्यायला सुरुवात केली, तीच पुढं शोअरबँक (२०१० ला बंद पडली, हे पण सांगायला पाहिजे), आणि त्याच वर्षी तिथंच वुडस्टॉक इन्स्टिट्यूट नावाची ना-नफा संशोधन संस्था निघाली. १९७५ ला कायदा आला की गृहकर्ज कुठल्या भागात दिलं ते बँकांनी जाहीर करायचं, मग कुठली वस्ती वगळली ते असल्या संस्थांना आकड्यात दाखवता आलं. १९९४ पासनं तर अशा वस्तीत कर्ज देणाऱ्यांसाठी ट्रेझरी खात्यात वेगळा फंडच आहे. आणि आमच्याकडं हे आकडे कुठं? गोदरेजच्या कपाटात. किल्ली सचिवांकडं. सचिव लग्नाला गेलेत.

२०२० ला कोरोनात पण गोंधळच. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना मुदत दिली, पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येतच नाहीत, त्या सहकार खात्याकडं, मग सभासद विचारणार टीव्हीवर तर सांगितलंय आणि तुम्ही मागताय कसं. त्या वेळी तीन संस्थांनी आम्हाला पहिल्यांदा स्वतःहून फोन केला.

रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा मायक्रोफायनान्सचा, म्हणजे बिनतारण छोट्या कर्जांचा, नियम आल्यावर काम वाढलं. घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आणि सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. नियम पतसंस्थांना लागू नाही, पण माणूस एकच ना, त्याचं एक कर्ज कंपनीचं, एक पतसंस्थेचं, वर भिशी, आणि भिशी कुठल्या क्रेडिट रिपोर्टात दिसत नाही. शिवाय महिन्याचं उत्पन्न किती असं विचारलं की समोरचा वर बघतो. ऊसवाल्याला महिना नसतोच, कायद्यात बिल १४ दिवसांत लिहिलंय, येतं तेव्हा येतं. म्हणून आम्ही प्रश्नच बदलला, मागच्या दहा दिवसांचं बिल किती, मागचा ऊस कधी तुटला, पैसे किती तुकड्यांत आले.

चुका पण लई झाल्या. मुलाखती लिहून घेऊन पुण्याच्या एका मुलाला छाननीला पाठवल्या, त्यानं अर्ध्या बायका पुरुषांत टाकल्या. का, तर उत्तरं होती "मी दूध घालतो, मी हप्ता भरतो." कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार, मी स्वतः घरात "आलो, जेवलो" म्हणतो आणि इथं लिहिताना शहाण्यासारखं गेले-आले लिहितोय. सगळं पुन्हा केलं, तीन आठवडे गेले, तेव्हापासनं फॉर्मवर स्त्री-पुरुष हा रकाना पहिला.

आता आम्ही सात जण आहोत, ऑफिस राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, मुद्दाम. करवीरच्या त्या संस्थेनं सगळ्या शाखांची तारीख दहा केलीय, सभेत प्रश्न विचारणाऱ्या काकांचं स्वतःचं दूध कर्ज पण त्यातच आहे. सध्या इचलकरंजीहून एका संस्थेची जुनी रजिस्टरं आलीत, यंत्रमागवाल्यांची, तिथं पगार आठवड्याचा आणि हप्ता महिन्याचा. पाच पोती आहेत, दोन सोडली, तिसऱ्यात उंदरांनी घर केलंय.