नांदूरमध्यमेश्वरची लेन्स दर्यात नेताना

थंडी पडली की नाशिकचे पक्षी टिपणारे लोक हर्णै-मुरूड किंवा तारकर्लीला डॉल्फिनसाठी जातात आणि रिकाम्या पाण्याचे शेकडो फोटो घेऊन परततात. कॅमेरा तोच असतो. पण नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या चापडगावच्या मनोऱ्यावर पक्क्या पायांखाली लागलेल्या सवयी होडीत आड येतात.

पहिली सवय मोठ्या लेन्सची. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमीला ५० मीटरवरचा जेमतेम ३ मीटर रुंद समुद्र मावतो आणि कोकणातला कुबडवाला डॉल्फिन अडीच मीटरच्या आसपास असतो. होडी जराशी डुलली की तो चौकटीबाहेर. २०० मिमीला तीच रुंदी ९ मीटर होते. म्हणून ७०-२०० किंवा १००-४०० न्या, सैल चौकट धरा, नंतर कापा. ट्रायपॉड घरीच ठेवा, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात चढते. त्याच कारणाने कोपर होडीच्या काठावर टेकवू नका. फळीवर बसा आणि हालचाल कमरेत जिरू द्या.

शटर १/२०००, निदान १/१६००. ॲपर्चर एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ ऑटो, कमाल ३२००. फोकस सतत चालू राहणारा आणि मधल्या गटाचा ठेवा. सगळे बिंदू खुले सोडले तर फोकस अलीकडच्या लाटेच्या चकाकीला चिकटतो.

हा डॉल्फिन वर येताना आधी चोच दाखवतो. मग डोके, मग कुबड आणि त्यावरचा छोटा पंख. चोच दिसताच बटण दाबले तर कुबड मिळते, कुबड दिसल्यावर दाबले तर फक्त पाणी. शेवटी शेपूट उभी वर आली तर बुडी खोल आहे, तेवढ्यात हात मोकळे करा. पंखाचा सरळ बाजूने घेतलेला फोटो दिसायला साधा, पण फार मोलाचा. त्याच्या कडेच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. दोन्ही बाजू टिपा, तारीख-वेळ बरोबर लावलेली असू द्या.

सराव नाशिकलाच होतो. गोदावरी-कादवा संगमावर, २०२० साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आलेल्या आपल्या नांदूरमध्यमेश्वरला, उडत्या पक्ष्यांऐवजी पाणकावळा आणि टिबुकली निवडा. ते बुडाले की कॅमेरा खाली घ्या, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि कुठेही वर आले तरी एका सेकंदात चौकटीत आणा. दर्यात नेमके हेच करायचे असते.

होडी पहाटेची घ्या. दुपारकडे वारा वाढतो, लाटांना फेसाळ माथे येतात आणि त्यांत पंख शोधणे कठीण. सकाळी सूर्य डोंगराच्या बाजूला असतो, म्हणून होडी किनारा आणि डॉल्फिन यांच्या मधे ठेवायला सांगा, उजेड पाठीवर राहतो. तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, निघण्याआधीच बोला: “दादा, पाठलाग नको. बाजूने हळू चला, ५० मीटरवर न्यूट्रलला टाका. कमी दिसले तरी पैसे पूर्ण देऊ.” हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे, कारण गिऱ्हाईक नाराज होईल या धास्तीनेच होड्या कळपात घुसतात. मग डॉल्फिन लांब बुड्या मारतात, आणि पिल्लू सोबत असलेल्या मादीला त्याचा सर्वांत जास्त जाच होतो. पिल्लू दिसले तर मागेच राहा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी आहे.

रात्रभर गाडी चालवून थेट होडीत बसू नका, मळमळ ठरलेली. स्क्रीनवर फोटो चाळल्याने ती वाढते, क्षितिजाकडे बघा. कॅमेऱ्याचा पट्टा लाइफ जॅकेटच्या वरून घ्या, पाण्यात पडलात तर तो पटकन काढता आला पाहिजे. लेन्स दर्यात बदलू नका. परतल्यावर काचेवरचे मीठ कोरड्या कापडाने घासू नका, कोटिंगवर ओरखडे उठतात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने आधी टिपा, मग कोरडे पुसा. झूमच्या कड्याच्या फटीत मीठ सर्वांत जास्त साचते, तिथून सुरुवात करा.