पेटी भरण्याआधीची जमवाजमव

गॅलरीत भाजीची पेटी लावायची असे ठरले की बहुतेक जण आधी रोपवाटिकेत जातात आणि डोळ्यांना आवडलेली रोपे घेऊन येतात. पुण्यातील आमच्या घरी पहिल्या वर्षी मीही तेच केले. रोपे आली म्हणून घाईने पोतेभर लाल माती आणून पेटी काठोकाठ भरली; श्रावणापर्यंत ती माती इतकी दबली की पाणी वरच साचू लागले आणि मिरचीची मुळे कुजली. तेव्हापासून रोपे सर्वांत शेवटी आणायची, हा नियम मी पाळते.

सर्वांत आधी वजनाचा हिशेब करावा. 90 सेंमी लांब, 30 सेंमी रुंद आणि तितकीच खोल पेटी 81 लिटरची होते, आणि ती नुसत्या मातीने भरून पाणी घातले तर तिचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास जाते. अशा तीन-चार पेट्या गॅलरीच्या बाहेरच्या कडेला ओळीने ठेवणे धोक्याचे आहे. त्या घराच्या भिंतीलगत ठेवाव्यात आणि इमारत जुनी असेल तर जाणकाराला विचारूनच ठेवाव्यात. मेथी, पालक, कोथिंबीर यांना 15 ते 20 सेंमी खोली पुरते, त्यामुळे पालेभाजीच लावायची असेल तर उथळ पेटी घेऊन निम्मा भार वाचवता येतो. टोमॅटो आणि वांग्याला मात्र 30 सेंमी हवेतच.

पेटी कशाचीही चालते. फळबाजारातले जुने प्लास्टिकचे क्रेट स्वस्त आणि टिकाऊ असतात, फक्त आतून हिरव्या शेडनेटचे अस्तर लावावे लागते. लाकडी पेटी घेतल्यास तळाला बोटाएवढी पाच-सहा भोके पाडून ती विटांवर उचलून ठेवावी.

खरी मेहनत आणि खरा खर्च भरणासाठी राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर उसाची चिपाडे आणि वाळलेला पालापाचोळा असा पेटीचा तिसरा हिस्सा मी भरते. चिपाडे कोपऱ्यावरच्या रसवंतीत मागितली की पोतेभर मिळतात. मात्र त्यांत साखर उरलेली असल्यामुळे ती धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवली नाहीत, तर मुंग्यांची रांग लागते. वाळलेला काडीकचरा शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी यांच्या मिश्रणात भिजवून त्याची ‘अमृतमाती’ करण्याची रीत श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांच्या गटाने, आपल्याकडे रुजवली, आणि घरी जागा असेल त्याने ती अवश्य करून पाहावी.

वरच्या भागासाठी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत मी सारख्या मापाने घेते. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजल्यावर साधारण 60 ते 70 लिटर होते, म्हणून एक वीट दोन पेट्यांना सहज पुरते. त्यात क्षार असू शकतात, त्यामुळे भिजवल्यानंतर पाणी एकदा निथळून टाकावे. शेणखताला उग्र वास येत असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल, तर ते अजून कुजायचे आहे आणि मुळांना बाधते. शेवटी दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळावी.

हत्यारांत खुरपे, बारीक छिद्रांची झारी आणि एक कात्री एवढे पुरते.

भरलेली पेटी पाणी घालून आठवडाभर तशीच ठेवावी; भरण दोन-चार बोटे खाली बसते, तेवढे वरून पुन्हा घालावे. मेथीदाणे आणि धणे स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच मी वापरते. धणे आई पोळपाटावर ठेवून लाटण्याने हलकेच रगडते, म्हणजे एकाचे दोन होतात आणि रात्रभर भिजवून पेरले की आठ-दहा दिवसांत उगवू लागतात.