ब्रेक मारला की गाडी डावीकडे

जुलैभर गाडी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पावसात उभी होती. ऑगस्टमध्ये बाहेर काढली. लालबागच्या पुलावरून परळकडे उतरताना ब्रेक मारला, तर निघाली थेट डावीकडच्या बेस्टच्या बसकडे! ब्रेक सोडला की पुन्हा सरळ.

आधी हवा बघितली. पुढच्या दोन्ही टायरमध्ये सारखी, 33. मग चाकांची अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणणं, करून घेतली, 900 रुपये. तरी तेच. अलाइनमेंटवाला म्हणतो, "साहेब, रस्ते गटाराकडे उतरते असतात, सगळ्याच गाड्या जातात डावीकडे." अरे, पण ब्रेक मारल्यावरच?

शेवटी शिवडीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. "वडाळ्यापर्यंत जाऊन या, ब्रेक मारत." परत आलो, तर पुढच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू धरून बघितली. डावं चाक तव्यासारखं, उजवं कोमट.

"म्हणजे डावा ब्रेक जाम," मी म्हटलं.

"जाम असता तर ब्रेक न मारताही ओढली असती." जॅक लावून त्यांनी डावं चाक हाताने फिरवलं. सुरळीत फिरलं. "हा बिचारा आपलं काम करतोय. उजवा झोपलाय."

उजवीकडचा कॅलिपर खोलला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंच्या पॅडनी चिमटीत धरणारा भाग. वरची पिन सहज निघाली. खालची निघेना, शेवटी हातोडीने ठोकून काढली, तर गंज चढलेली, वरचं ग्रीस काळ्या चिखलासारखं. तिचा बूट, म्हणजे वरचं रबरी आवरण, फाटला होता, तिथूनच पाणी शिरलेलं. माझ्या गाडीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिनच अडकली, तर सरकणार काय, कपाळ? आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा जवळपास नवाकोरा.

नव्या पिना, नवे बूट. ग्रीस सिलिकॉनचंच, साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलले. एका बाजूला नवे, दुसरीकडे जुने ठेवले तर ओढाओढ पुन्हा सुरू, हे काकांचं म्हणणं.

रात्री अकराला, पूल रिकामा बघून, स्टेअरिंग सैल धरलं आणि ब्रेक दाबला. सरळ थांबली. अलाइनमेंटचे 900 मात्र गेले ते गेलेच.