तुम्ही विचारलंत म्हणून : सेंट अँड्र्यूजच्या त्या माळाबद्दल

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा, म्हणजे तिथल्या जुन्या गोल्फ मैदानाचा, विषय निघाला की प्रश्न ठरलेला : "कोणी आखलंच नाही, त्या मैदानाच्या डिझाइनचं कौतुक कसलं?" विचारणारे बरेचदा स्वतः गोल्फ खेळणारे असतात, म्हणून जास्तच चिडचिड होते.

आखलं नाही, हे अर्धंच खरं. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलचे, म्हणजे खेळाच्या टप्प्यांचे, दोन केले. जाताना-येताना तेच होल खेळत, त्यामुळे २२ची फेरी १८ची झाली. जगभर १८ होल खेळतात ते या काटछाटीमुळे. पुढे गर्दी वाढली तशी ग्रीन, म्हणजे होलच्या शेवटी झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, रुंद करून एकेकीवर दोन झेंडे लावले. अशा सात ग्रीन आहेत आणि जोडीची बेरीज दर वेळी १८ : दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा. अठराव्याची ग्रीन तर एकोणिसाव्या शतकात मैदान सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने बांधून काढली. याला डिझाइन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

"पण सतरावा होल अन्यायच करतो ना?"

इथे मात्र माझा आवाज खाली येतो. मी तिथे खेळलो तेव्हा तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर होतो. झेंडा डावीकडे, रोड बंकर नावाच्या वाळूच्या खड्ड्याच्या मागे. काठ्या वाहणाऱ्या कॅडीने उजवीकडे बरंच लांब बोट दाखवलं. मी त्याचं अर्धंच ऐकलं. पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, छान निघाला, मग वेग मंदावला, चेंडू डावीकडे कलला आणि आरामात बंकरमध्ये उतरला. आत हिरवळीच्या वड्या विटांसारख्या रचलेली उभी भिंत, चेंडू तिच्या पायथ्याशी. पहिला फटका भिंतीला लागून माझ्या बुटापाशी आला. दुसराही. शेवटी झेंड्याकडे पाठ करून चेंडू बाहेर काढला. मागची चौकडी काठ्यांवर रेलून सगळं बघत होती. १९७८च्या ओपन स्पर्धेत जपानी खेळाडू टॉमी नाकाजिमाचा पटही असाच तिथे गेला होता आणि त्या होलवर त्याला ९ फटके लागले होते. मला हे पाठ होतं. उपयोग शून्य.

नशिबाला डिझाइन म्हणू नका, असा वाद पूर्वी मीच घालायचो. त्या माझ्याशी आता मी भांडतो : बंकर लहान आहे, पण भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरते, म्हणजे खरा बंकर दिसतो त्याच्या कितीतरी पट मोठा. झेंड्याचा मोह सोडला तर सुटका आहे. तो जुना मी म्हणतो, आणि वारा फिरला तर? मी गप्प.

शिवाय २०१२ मध्ये गोल्फ मैदानं आखणाऱ्या मार्टिन हॉट्री यांच्या आराखड्यानुसार तोच बंकर थोडा रुंद करायला घेतला, तेव्हा खवळलेल्यांत मीही होतो. माणसांनीच घडवलंय म्हणून तुमच्याशी भांडायचं आणि माणसाने हात लावला की चिडायचं, हे दोन्ही मी करतो. त्यावरही प्रश्न येणार, ठाऊक आहे.