आजीची नागली, कागदावरची समिती आणि एक सही

आमच्या अकोले तालुक्यात डोंगरउताराच्या वरकस जमिनीत आजी जी नागली (नाचणी) लावते ती तिच्या माहेरची. निमगरवी (मध्यम मुदतीत तयार होणारी), कणीस मुठीसारखं आवळलेलं, शेजारच्या रानात करपा रोग आला तरी हिच्यावर कमीच दिसतो. मी बायोटेकवाला, म्हटलं शेतकरी वाण म्हणून नोंदवू, २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला नोंदणी फी नाहीच.

मला वाटलेलं पान लॅबला द्यायचं, डीएनए मार्करने (डीएनएमधल्या ओळखखुणेने) वाण वेगळा निघाला की झालं. कसलं काय! नोंदणीला डीयूएस (वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थिरता) चाचणी लागते, म्हणजे वाण शेतात लावून फुलोरा कधी, कणीस कसं, दाण्याचा रंग कोणता हे बघतात. मार्कर पुढे करप्याविरुद्ध नवीन वाण काढताना कामाला येतात. आजी म्हणाली, "मग मी काय करते? कणीस बघूनच बी ठेवते ना."

असो. खरा वैताग सहीचा. अर्जावर गावच्या जैवविविधता समितीची (ग्रामपंचायतीची, गावातली झाडं-पिकं-वाण जपायची समिती) सही-शिक्का चालतो. गावातलं गावात होईल म्हणून मी ग्रामपंचायतीत गेलो, तर भाऊसाहेब म्हणाले अशी समितीच नाही. दुसऱ्यांदा गेलो तर ते मीटिंगला, तिसऱ्यांदा कुलूप, चौथ्यांदा म्हणाले समिती आहे पण शिक्का नाही, मग मी कायद्याची प्रिंट टेबलावर ठेवली तर म्हणे हे पुण्याला चालत असेल. दोन महिने गेले असे, मध्ये लावणी पण उरकली. शेवटी एका शिपायाने कपाट उघडलं, तर आत फाईल, फाईलमध्ये यादी आणि यादीखाली शिक्का, प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नाही!! त्या दिवशी सही पाच मिनिटात झाली.

नंतर कळलं की जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा आदिवासी विकासचं जिल्हा ऑफिस, यातल्या कुणाचीही सही चालते. म्हणजे गावात अडलं तर भांडत बसू नका, सरळ पुढचं दार. मी हट्टाला पेटलो होतो.

हां, आणि अर्जासाठी कणसांचे फोटो पीक उभं असतानाच काढा. मला कापणीनंतर आठवलं, वर्ष गेलं. बियाण्यात भेसळ नको, वेगळी दिसणारी झाडं आधीच उपटा. चाचणीत शेतकरी वाणाला वेगळ्या झाडांची मर्यादा इतर वाणांच्या दुप्पट धरतात, तरी रिस्क कशाला. वाणाचं नाव नुसत्या आकड्यात चालत नाही.

चाचणीला बी पाठवलंय, आता वाट बघतोय. समितीच्या त्या यादीत माझ्या चुलतीचं नाव सदस्य म्हणून होतं, घरी येऊन तिला सांगितलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "मी? कधीपासून? भत्ता मिळतो का रे काही?"