शोपँ आणि लिस्ट कसे वाजवावेत?

1833 साली प्रकाशित झालेले आपले पहिले बारा एत्यूद, म्हणजे वादनतंत्राचा सराव घडवणाऱ्या छोट्या रचना, शोपँने लिस्टला अर्पण केले, तरी पियानोकडे पाहण्याची या दोन्ही पियानोवादक-संगीतकारांची दृष्टी निराळी होती. लिस्ट भरगच्च सभागृहे दणाणून सोडी. शोपँला प्लेयेल बनावटीच्या पियानोवर निवडक श्रोत्यांसमोर हळुवार वाजवणे आवडे. डाव्या हाताने लय धरून ठेवावी आणि उजव्याने गायकासारखी मोकळीक घ्यावी, असे तो शिष्यांना सांगे. आजचे पुष्कळ वादक मात्र त्याच्या नॉक्टर्नमध्ये, म्हणजे रात्रीच्या शांत भावाच्या छोट्या रचनांमध्ये, दोन्ही हात एकदमच रेंगाळवतात आणि त्यामुळे रचना ढिली पडते, असे मला मनापासून वाटते. लिस्टच्या बी मायनर सोनाटा या दीर्घ पियानोरचनेत उलट वेगाचा मोह आवरावा लागतो, कारण सुरुवातीचे स्वरसमूह रूप बदलत पुन्हा पुन्हा येतात आणि ते श्रोत्याला ओळखू आले नाहीत, तर सुमारे अर्ध्या तासाची ती रचना नुसती बोटांची कसरत ठरते.